घरचा कारभार : डाख द्यावा की नट आवळावा?

आमच्या वडोदऱ्याच्या जुन्या घरात गच्चीवरच्या सोलरपासून स्वयंपाकघरापर्यंत तांब्याची नळी आहे. बाबांनी हौसेनं टाकलेली. (आज कुणीही सीपीव्हीसीच टाकेल.) यंदा ती दोन जागी गळू लागली. एक जागा ओट्यामागे भिंतीत, दुसरी जिन्यापाशी, अगदी सागवानी तुळईला चिकटून.

एसी दुरुस्त करणारा मित्र म्हणाला, "ब्रेझिंग कर, जन्मात सुटणार नाही." खरं आहे, पण त्याला सहाशे-सातशे अंशांची ज्योत लागते. तुळईजवळ? नको रे बाबा.

प्लंबर डाखाच्या तारेचं रीळ घेऊन आला. रिळावर ६०/४० लिहिलेलं, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. मी विचारलं तर म्हणाला, "चालशे!" रेडिओच्या दुरुस्तीला चालेल, पण आमची आई पहाटे त्याच नळाचं कोमट पाणी पिते. पिण्याच्या पाण्याच्या नळांना शिशाचा डाख द्यायला अमेरिकेनं १९८६ सालीच बंदी घातली. मी रीळ परत पाठवलं आणि शिसं नसलेली तार मागवली.

भिंतीतला जोड पुन्हा उघडता येणार नाही, म्हणून तिथे डाखच. नळीचं टोक पॉलिश पेपरनं लख्ख घासलं, फ्लक्स लावला. तरी डाख वितळेना! आत थोडं पाणी उरलं होतं. पाणी असेपर्यंत नळी शंभर अंशांपुढे फारशी जात नाही आणि या डाखाला सव्वादोनशेच्या आसपास लागतात. नळी पूर्ण रिकामी केली, तेव्हा डाख आपसूक फटीत ओढला गेला.

तुळईजवळ मात्र कॉम्प्रेशन जोड घेतला. नट, पितळी रिंग, दोन पाने. आगीचं कामच नाही. नळी काटकोनात कापायची, आतली कड घासायची, नट हातानं घट्ट करून मग पान्यानं साधारण एक फेरा. मी जोर लावायला गेलो तेव्हा प्लंबरनंच हात धरला. फार आवळलं की रिंग चेपते आणि जोड गळतो. (६०/४०चं सोडा, हात त्याचा पक्का आहे.) असा जोड कधीतरी पुन्हा आवळावा लागतो, म्हणून तो उघड्यावरच हवा.

रात्रभर खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी तुळईखाली एकच ओला ठिपका होता. पाव फेरा आणखी दिला, तो थांबला. आईनं मात्र तिथे आठवडाभर वाटी ठेवली होती.