नोकरनाम्यावरचा मालक

‘वाईन शॉप घेतलंय’ असे सांगत पक्षकार कार्यालयात येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत बहुधा भागीदारीपत्र, कुलमुखत्यारपत्र आणि गाळ्याचा भाडेकरार एवढेच असते. पैसे देऊन झालेले असतात, गल्ल्यावर तो बसूही लागलेला असतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा कागद मात्र नसतो. ‘तो नंतर करू’ असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते, आणि सांगणारा बहुतेक वेळा आपल्याच व्यवसायातला असतो. कधी वकील, कधी कर सल्लागार, कधी लायसनची कामे करणारा एजंट. म्हणून या महिन्याचे हे चार शब्द आपल्याला उद्देशून.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ हा नावाप्रमाणे दारूबंदीचाच कायदा आहे. आधी बंदी, मग अनुज्ञप्तीपुरती त्या बंदीतून सूट, अशी त्याची रचना. मद्याच्या धंद्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज निकालात स्पष्ट केले आहे. म्हणजे वाईन शॉपची एफएल-२ असो, परमिट रूमची एफएल-३ असो की देशी दारूची सीएल-३, अनुज्ञप्ती ही विशिष्ट माणसाला, विशिष्ट जागेसाठी, ३१ मार्चपर्यंत दिलेली मुभा आहे. गाळा विकता येतो, फ्रीज आणि फर्निचर विकता येते. मुभा विकता येत नाही. ती दुसऱ्याच्या नावावर करायची की नाही हे जिल्हाधिकारी ठरवतात. देणारा आणि घेणारा दोघेही फक्त अर्जदार असतात.

तरीही ती विकली जाते, आणि चढ्या भावाने विकली जाते. कारण उघड आहे. किरकोळ विक्रीच्या नव्या एफएल-२ अनुज्ञप्त्या राज्यात सत्तरच्या दशकापासून जवळजवळ बंदच राहिल्या. शहरे वाढली, मागणी वाढली, दुकानांची संख्या मात्र तिथेच. जुन्या लायसनला त्यामुळे जी किंमत आली ती ना गाळ्याची आहे ना मालाची. ती टंचाईची किंमत आहे. एवढी रक्कम गुंतवणारा माणूस शासकीय मंजुरीची वाट पाहायला तयार नसतो, आणि आपण त्याच्या घाईला कागद पुरवतो.

त्या कागदांतला सगळ्यात बोलका म्हणजे नोकरनामा. दुकानात विक्री करणाऱ्या प्रत्येक नोकराचा नोकरनामा लागतो. अशा व्यवहारात ज्याने लायसनसाठी आयुष्याची पुंजी ओतली, घर गहाण टाकले, तोच नोकरनाम्यावर ‘नोकर’ म्हणून सही करतो. निरीक्षक तपासणीला आले, साठा नोंदवही आणि फळीवरच्या बाटल्या जुळल्या नाहीत, की विसंगतीचे प्रकरण नोंदले जाते ते अनुज्ञप्तीधारकावर, जो कदाचित वर्षभर दुकानाकडे फिरकलेलाही नसतो. मानवी सेवनाचे मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. त्यामुळे व्हॅटची नोंदणी त्याची, विवरणपत्रे त्याची, थकबाकीची नोटीसही त्यालाच. एकाकडे जबाबदारी आणि दुसऱ्याकडे गल्ला, ही विभागणी सुरळीत चालते ती दोघांचे पटते आहे तोवर.

भागीदारीचा मार्ग आपल्याकडे राजमार्ग मानला जातो. नव्या माणसाला आत घ्यायचे, काही महिन्यांनी जुन्याला निवृत्त करायचे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन, विहित शुल्क भरून, प्रत्येक टप्पा नोंदवत केले तर यात गैर काही नाही. पण भागीदारीपत्रावर आधी सह्या आणि अर्ज ‘सवडीने’ असे झाले की पायाच कच्चा राहतो. बिहारी लाल जयस्वाल विरुद्ध आयकर आयुक्त या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की परवान्याच्या अटी हस्तांतराला मनाई करत असताना बाहेरच्याला वाटेकरी करून घेणारी भागीदारी कायद्याला मान्य नाही. प्रश्न आयकराचा होता, पण तत्त्व आपल्या प्रत्येक मसुद्याला लागू पडते. ‘अनुज्ञप्ती ही भागीदारी संस्थेची मालमत्ता राहील’ हे कलम आजही छापील नमुन्यातून जसेच्या तसे उतरवले जाते. ते कलम आपण लिहू नये, दुसऱ्याने लिहून आणले असेल तर खोडावे.

दुकान चालवायला द्यायचे असेल, तर त्यासाठी आता स्वतंत्र वाट आहे. १० जून २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयात एफएल-२ आणि एफएल-३ अनुज्ञप्त्या कंडक्टिंग करारावर चालवू देण्याचे धोरण आले. त्यासाठी वार्षिक शुल्काच्या अनुक्रमे १५ आणि १० टक्के जादा शुल्क. वर्षानुवर्षे कुलमुखत्यारपत्राच्या आडून जे चालले, ते उजेडात आणण्याची ही संधी आहे. जादा शुल्क जास्त वाटते म्हणून पक्षकार कुरकुर करतील. त्यांना नोकरनाम्याची गोष्ट सांगावी.

कायमचे हस्तांतर असेल तर क्रम महत्त्वाचा. करार करावा, पण तो मंजुरीच्या अधीन. इसारापलीकडची रक्कम मंजुरीचा आदेश हातात पडेपर्यंत त्रयस्थाकडे किंवा एस्क्रो खात्यात. थकबाकी नसल्याचे दाखले, घेणाऱ्याची चारित्र्य पडताळणी, दोघांचे जबाब, आदेशाच्या दिवशी ब्रँडनिहाय साठ्याची मोजणी. जागाही बदलायची असेल तर तो स्थलांतराचा स्वतंत्र विषय आहे. दोन्ही अर्ज एकातच गुंडाळू नयेत.

आणि जोखमीचे कलम. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि एका रात्रीत तिथल्या लायसनची बाजारातली किंमत गेली. बंदी उठायला २०२१ उजाडले. डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, मार्च २०१७ मध्ये लहान गावांसाठी २२० मीटर झाले, जुलैमध्ये शहरी हद्दीबाबत खुलासा आला. त्या काही महिन्यांत ज्यांनी नुकतेच पैसे मोजले होते त्यांचे काय झाले, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे. दुकाने बंद करण्यासाठीचे ‘आडव्या बाटली’चे मतदान तर कोणत्याही वॉर्डात, कोणत्याही गावात होऊ शकते. मंजुरीपूर्वी असे काही घडले तर पैसा कोणाचा बुडणार, हे करारात लिहिलेले नसते. चार ओळींचे कलम आहे, पण ते नसेल तर घेणारा उघड्यावर पडतो.

सगळ्यात वाईट अवस्था होते ती मूळ धारक वारल्यावर. मुखत्यारपत्र त्याच्या मृत्यूबरोबर संपते. ते ‘अपरिवर्तनीय’ होते, त्यात आमचे हित गुंतले होते, असा बचाव आपण मांडू. पण ज्या मुभेत हित निर्माण करायलाच परवानगी लागते तिथे तो टिकवणे अवघड. भागीदार दोघेच असतील तर एक गेल्यावर भागीदारीच उरत नाही. मग वारस नोंदीचा अर्ज घेऊन पत्नी आणि मुले कार्यालयात जातात, आणि ज्याने पूर्ण मोबदला दिला तो माणूस त्या फाईलवर कुठेच नसतो. वारसांना त्या व्यवहाराची कल्पनाही नसू शकते. त्यांच्यावर अन्याय नको आणि पैसे देणाऱ्यावरही नको, असे वाटत असेल तर वेळ आत्ताच आहे. अशी कागदपत्रे ज्यांच्या कपाटात आहेत त्यांनी ते पक्षकार येत्या नूतनीकरणाआधी बोलावून घ्यावेत. मूळ धारक हयात आहे, सही करू शकतो आणि निरीक्षकांपुढे जबाब द्यायला येऊ शकतो, तोवरच हे नियमित करून घेता येते.