गळका प्लग आणि खोटी काटकसर

पेरणीच्या ऐन घाईत ट्रॅक्टरच्या इंजिन ब्लॉकमधून पाणी ठिबकू लागले की त्या जागी साबण किंवा लांबी भरून काम रेटले जाते. ही काटकसर नव्हे. पाणी संपून इंजिन अडकल्यास होणारा खर्च प्लगच्या किमतीच्या अनेक पटींनी अधिक असतो.

ब्लॉक ओतताना आतील वाळूमुळे राहिलेली भोके पातळ पोलादी वा पितळी वाट्यांनी बंद करतात. हेच कोअर प्लग. पाणी गोठून फुगल्यास प्लग निसटून ब्लॉक वाचेल, या थंड देशांतील समजुतीवरून त्यांस ‘फ्रीझ प्लग’ असेही म्हणतात. महाराष्ट्रात मात्र त्यांचा शत्रू बर्फ नसून गंज होय. रेडिएटरमध्ये विहिरीचे क्षारयुक्त पाणी भरल्याने पोलादी प्लग आतून झिजतो. सर्व प्लग एकाच पाण्यात एकाच वयाचे झालेले असतात. म्हणून एक गळला असता हाताशी येणारे सर्वच बदलणे हिताचे.

इंजिन निवल्यावर पाणी काढून टाकावे. प्लगच्या एका कडेवर ठोसा देऊन तो तिरपा करावा व पकडीने बाहेर ओढावा. ब्लॉकमध्ये पडू देऊ नये. भोकाची कड पॉलिशपेपरने स्वच्छ करावी आणि सीलंट लावून त्याच मापाचा नवा प्लग सरळ ठोकावा.

पुढे विहिरीच्या पाण्याऐवजी गंजरोधक कूलंट भरावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तपासणी हंगामापूर्वीच करवून घेतल्यास पेरणीचा वाफसा वाया जाणार नाही.