क्रीडांगण कीं पुस्तक ?

परीक्षा जवळ आल्या कीं बहुतेक घरांतून एकच वाद सुरू होतो. वडील म्हणतात, “खेळ पुरे, पुस्तक हातीं घे.” मुलगा म्हणतो, “शाळेच्या संघांत माझी निवड झाली आहे, तिचें काय ?” दोघांचेंही म्हणणें एकाच समजुतीवर उभें असतें, ती ही कीं, क्रीडांगण व पुस्तक ह्यांचें हाडवैर आहे. ही समजूत मला मान्य नाहीं. ती कां मान्य नाहीं हें स्पष्ट करण्यासाठीं अमेरिकेंतील एका खेळाडूचें चरित्र वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें.

श्री. ॲलन पेज ह्यांचा जन्म ७ ऑगस्ट १९४५ रोजीं ओहायो संस्थानांतील कँटन शहरीं एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. नोटर डेम विद्यापीठाची पदवी घेऊन १९६७ सालीं ते मिनेसोटा व्हायकिंग्ज ह्या धंदेवाईक फुटबॉल-संघांत दाखल झाले. तेथील फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा. चेंडू लांबट असून तो बहुधा हातांत घेऊन धांवावयाचें असतें. चढाई करणाऱ्या पक्षास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें, आणि त्यास रोखणें हें बचाव करणाऱ्या अकरा गड्यांचें काम. पेज ह्यांची जागा बचावाच्या अगदीं पहिल्या फळींत, मध्यभागीं होती. गुण मिळविणाऱ्याचें नांव सर्वतोमुखीं होतें. अडविणाऱ्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. असें असतांही १९७१ सालीं असोशिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेनें वर्षांतील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्यांची निवड केली. बचाव करणाऱ्या खेळाडूस हा मान तत्पूर्वीं कधींही मिळाला नव्हता. ते खेळत असतांना त्यांचा संघ चार वेळां अखेरच्या सामन्यापर्यंत पोहोंचला व चारही वेळां हरला, हेंही सांगितलें पाहिजे.

परंतु मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. अशा संघांचे डाव एका पुस्तकांत लिहिलेले असतात. तें पुस्तक वाचण्याची वेळ आली तेव्हां आपल्या कांहीं सहकाऱ्यांस तें नीट वाचतांच येत नाहीं, असें पेज ह्यांच्या ध्यानीं आलें. हे गडी शाळा व महाविद्यालय दोन्हीं पाहून आलेले होते ! त्यांच्या अंगांत बळ होतें, पायांत चपळाई होती. म्हणून प्रत्येक इयत्तेंत कोणीतरी त्यांस पुढें ढकललें होतें. त्या वेळीं त्यांच्या शिक्षकांस ही कृपा वाटली असेल. माझ्या मतें ती कृपा नव्हे, तें मुलांचें नुकसान होय. शरीराचें बळ दहा-पंधरा वर्षांत ओसरतें, आणि मग अक्षरशत्रू मनुष्याजवळ उरतें काय ?

पेज ह्यांनीं ह्या प्रश्नाचें उत्तर स्वतःपुरतें आधींच शोधून ठेविलें होतें. खेळ चालू असतांनाच त्यांनीं मिनेसोटा विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास केला व १९७८ सालीं पदवी मिळविली. नवल असें कीं, त्याच सालीं संघानें त्यांस निरोप दिला. लांब पल्ल्याच्या धांवण्यानें त्यांचें वजन घटलें होतें, आणि आतां ते ह्या जागेस पुरेसे धिप्पाड राहिले नाहींत, असें संघचालकांचें मत पडलें. शिकागो बेअर्स ह्या संघांत ते आणखी तीन वर्षें खेळले. परंतु १९८१ सालीं मैदान सोडतांना त्यांच्या हातीं दुसरा व्यवसाय तयार होता. पुढें १९९२ सालीं ते मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आले. त्या न्यायासनावर बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ. वयाच्या सत्तराव्या वर्षीं, म्हणजे २०१५ सालीं, ते नियमानुसार निवृत्त झाले.

मध्यंतरीं १९८८ सालीं त्यांचें नांव कँटन येथील फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत दाखल झालें. विद्यार्थिदशेंत त्याच इमारतीच्या बांधकामावर त्यांनीं मजुरी केली होती. त्या समारंभांत आपला परिचय करून देण्यासाठीं त्यांनीं एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंस पाचारण केलें, आणि स्वतः भाषण केलें तें शिक्षणाविषयीं. त्याच वर्षीं पत्नीच्या सहकार्यानें त्यांनीं विद्यार्थ्यांसाठीं शिष्यवृत्तीचा निधि स्थापिला. शिष्यवृत्ति घेणाऱ्यानें आपल्याहून लहान मुलांस शिकविण्यासाठीं वेळ दिला पाहिजे, ही त्याची अट.

कोणी म्हणतील, “असा पुरुष लाखांत एक, त्याचें उदाहरण आमच्या मुलांस काय कामाचें?” हा आक्षेप अर्धा खरा आहे. त्यांचें बळ कोणास मागून मिळणार नाहीं, आणि त्यांच्यासारखें न्यायाधीशपदही क्वचितच एखाद्यास लाभेल. परंतु दिवसाच्या तासांची वांटणी करणें, आणि आज चालू असलेलें काम एक दिवस संपणार आहे हें तें जोरांत असतांनाच ओळखणें, ह्यासाठीं असामान्य शरीर लागत नाहीं.

म्हणून पालकांस माझी विनंती आहे कीं, शिक्षा म्हणून मुलाचें क्रीडांगण बंद करूं नका. नेम, सहनशीलता आणि हार पचविण्याची शक्ति तो तेथें शिकतो. शिक्षकांस विनंती आहे कीं, संघाच्या ढालीसाठीं कोणास न मिळविलेले गुण देऊं नका. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एवढेंच सांगणें आहे : सायंकाळीं मनसोक्त खेळा, परंतु दिवेलागणीनंतर पुस्तक उघडलें नाहीं, तर त्याचा दोष खेळाच्या माथीं मारूं नका.