पुस्तक फुकट, परवानगी महाग

गेल्या पावसाळ्यात आमच्या हायस्कुलाची तपासणी झाली. नववीत कार्यानुभवाचा तास चालू होता. मुलांपुढे झेरॉक्सचे कागद होते. भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेच्या पुस्तकातली ती पाने, आणि समासात आमच्या सहशिक्षकांनी हाताने लिहिलेले मराठी. साहेबांनी एक कागद उचलला.

"सर, हे कोणत्या आदेशाने?"

"साहेब, नको म्हणता ते कोणत्या आदेशाने?"

उत्तर आले नाही. भेटवहीत शेरा मात्र आला: 'अमान्य साहित्य वापरू नये.' हा शेरा कायद्याचा नसून सवयीचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

कायदा काय सांगतो ते पाहू. कर्नाटक शिक्षण अधिनियम १९८३ चा. अमलात आला १९९५ साली. त्याच्या सातव्या कलमान्वये अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके आदेशाने ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. मान्य. पण शासनाने ज्या तासासाठी मराठीत पुस्तकच नेमलेले नाही, तिथे नेमलेले पुस्तक डावलल्याचा ठपका कसा बसतो? रिकाम्या खुर्चीचा अपमान होत नसतो. पाठ्यपुस्तक वेगळे आणि शिक्षकाने तासाला आणलेले पूरक साहित्य वेगळे, हा भेद डी. एड. च्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतो.

"सर, कायद्यात तशी तरतूद नाही," हे दुसरे ठरलेले वाक्य. त्यांनी १९५५ चा रामजवाया कपूर खटला वाचावा. पंजाब शासनाने पाठ्यपुस्तकांची छपाई स्वतःकडे घेतली, तेव्हा खासगी प्रकाशक सर्वोच्च न्यायालयात गेले. वेगळा कायदा केल्याशिवाय शासनाला हे करता येणार नाही, असा त्यांचा दावा. सरन्यायाधीश मुखर्जी यांच्या पाच जणांच्या पीठाने तो फेटाळला. शासनाची कार्यकारी सत्ता कायदा झालेल्या विषयांपुरतीच नसते, आणि आपलेच पुस्तक शाळेत लागावे असा प्रकाशकाला हक्क नसतो, असा तो निवाडा. आपल्याकडे तर सातवे कलमही हाताशी आहे. म्हणजे अडले आहे ते एका सहीवर. ज्या पुस्तकाला किंमत नाही त्याला विक्रेता नाही. आणि विक्रेता नसलेल्या पुस्तकाची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर कोण हलवणार? असो.

आता आमच्या बाजूचाही एक गैरसमज. पुस्तक संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते म्हणून ते आपले झाले, असे काही संस्थाचालकांना वाटते. तसे नाही. ही पुस्तके एनसीईआरटीची आहेत आणि छपाईचा हक्क तिने राखून ठेवलेला आहे. शिक्षकाने शिकवण्याच्या ओघात मजकुराची प्रत काढणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या बावन्नाव्या कलमाला चालते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या खटल्यात ते उचलून धरले. पण अख्ख्या पुस्तकाचे भाषांतर करून, छापून, तालुकाभर वाटायचे तर परवानगी हवी, आणि ती मागण्याची ऐपत एका मुख्याध्यापकाची नाही, राज्याची आहे. इतर विषयांची पुस्तके राज्य मराठीत छापून मोफत देतेच. मग सुताराच्या आणि फिटरच्या पोराच्या पुस्तकापाशीच हात का आखडतो?

हायस्कूलचे दुखणे असे की ते दोन्ही छत्र्यांच्या बाहेर उभे आहे. घटनेतले ३५०-अ हे कलम मातृभाषेची सोय प्राथमिक शाळेपुरती सांगते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आठवीला थांबतो. नववीचा मुलगा भिजतो.

आणि आपण? १९५६ पासून आपण मोर्चे काढतो, मीही काढले आहेत. फलकावरच्या अक्षरांसाठी लाठ्या खाल्ल्या. पण लेथवर काम करताना डोळ्यांना काय लावायचे ते मराठीत छापून द्या, असा एक ठराव आपल्या एखाद्या मेळाव्यात झालेला मला आठवत नाही. पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला आणि खेड्यातल्या मुलांना मूलभूत तंत्रज्ञान मराठीतून शिकवले. महाराष्ट्राच्या मंडळाने तो विषय मान्य केला. तेव्हा मराठीत हे होत नाही, हे कारण कुणी सांगू नये.

आमच्या गावची पोरे दहावी होताच उद्यमबागेतल्या फाउंड्रीत जातात. साचा, भट्टी, ओतकाम हे शब्द ती घरून घेऊन जातात. तापलेल्या रसात पाण्याचा थेंब पडला तर काय होते, हे मात्र त्यांना तिथे गेल्यावर कळते. आमच्या एका विद्यार्थ्याला ते पहिल्याच महिन्यात कळले. त्याचा उजवा हात अजून पुरता वळत नाही.

त्यानंतर मी दोन अर्ज केले. पहिला भोपाळच्या पुस्तकांच्या मराठी भाषांतराची परवानगी राज्याने मागावी म्हणून. दुसरा, आदेश होईपर्यंत ती पाने पूरक साहित्य म्हणून वापरू द्यावीत म्हणून. त्यासोबत आदेशाचा चार ओळींचा मसुदाही कन्नडमध्ये टाइप करून जोडला, साहेबांना तेवढाही त्रास नको. दोन्हीची पोच माझ्या खणात आहे. कार्यानुभवाचा तास दर गुरुवारी असतो, आणि कागद वाटले जातात.