गोंगाट गाळताना

दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली काय आहे, हे विंधनविवर घेतल्यावर नक्की कळते, पण त्या एका जागेपुरतेच. कोयना परिसरात गोठणे येथे बेसॉल्टची जाडी १२४७ मीटर निघाली ती अशीच. बाकी पठारासाठी जमिनीत कंपने सोडून त्यांचे पडसाद टिपावे लागतात. ते टिपणाऱ्या जिओफोनला मात्र आपपरभाव नसतो. शेतातल्या पंपाची घरघर, रस्त्यावरून गेलेली एसटी, वाऱ्याने हलणारी झाडे, वीजतारांची ५० हर्ट्‌झची गुणगुण असे सगळेच तो नोंदवतो.

यावर खात्रीचा उपाय १९५०च्या दशकात भूभौतिकतज्ज्ञ हॅरी मेन यांनी दिला. खालचा एकच बिंदू वेगवेगळ्या अंतरांवरून टिपायचा आणि नोंदी जुळवून त्यांची बेरीज करायची. ६४ नोंदींत पडसाद ६४ पट होतो, अनियमित गोंगाट फक्त ८ पट. गणित सोपे, खर्च मोठा.

पण सगळाच गोंगाट असा बेशिस्त नसतो. कंपने सोडली त्या जागेवरून पृष्ठभागालगत सरपटत येणारी लहर संथ, जोरकस आणि कमी वारंवारतेची असते. खालून आलेला क्षीण पडसाद ती झाकून टाकते. मग कमी वारंवारताच कापून टाकण्याचा मोह होतो. दख्खनमध्ये इथेच घात होतो. लाव्हाच्या एकावर एक थरांत उच्च वारंवारता विखुरते, विरते. बेसॉल्टखाली जाऊन परत येते ती प्रामुख्याने कमी वारंवारताच. कोंड्याबरोबर दाणाही पाखडला जातो तो असा. उलट, बेसॉल्टच्या थरांमध्येच वरखाली आपटत राहिलेले पडसाद शिस्तीने येतात, बेरजेतही पुष्कळदा टिकतात आणि खाली नसलेला थर दाखवतात.

त्यामुळे फार गुळगुळीत चित्र दिसले की शंका घ्यावी. आता गोंगाट ओळखायला संगणकाला शिकवले जाते. त्याचा उपयोग आहेच. पण सुबक थरांच्याच चित्रांवर शिकलेली प्रणाली नसलेले थरही सुबक रेखाटू शकते. म्हणून सार्वजनिक पैशातून झालेल्या सर्वेक्षणात, मूळ नोंदीतून गाळलेली नोंद वजा करून जे उरते, तेही छापणे सक्तीचे करावे. त्या उरलेल्यात थरांच्या सलग रेघा दिसल्या, तर माहितीही गेली असे समजावे. मूळ नोंदी तर पुसूच नयेत. समुद्राच्या लाटांमुळे जमिनीत अखंड चाललेली थरथर एकेकाळी निव्वळ अडथळा मानली जाई. २००५ मध्ये तिच्याच नोंदींवरून कॅलिफोर्नियाच्या भूकवचाचे चित्र काढले गेले.