ढोलकी घेतली, ढोलकीवाला कुठाय?

दोस्तहो, हल्ली 'नवा प्रयोग' हा शब्द फार कानावर येतो. संगीत आणि कथन यांचा मिलाफ! नाट्यमहोत्सवाची कुठलीही निमंत्रणपत्रिका उघडा, ह्याच शब्दांची भेळ. मिलाफ म्हणे! माझी आजी ऐकेल तर पदर तोंडाला लावून हसेल. गोष्ट सांगता सांगता गाणं, गाण्यात थट्टा, आणि थट्टा चालू असतानाच सरळ सावकाराच्या नरड्याला हात, हे ज्यांनी केलं त्यांच्याकडे ना हॉल होता ना दिवे. समीक्षक तर नव्हतेच. गॅसबत्ती होती आणि अंधारात बसलेली माणसं होती. ह्या माणसांचं नाव निमंत्रणपत्रिकेत कुठंय, एवढंच मला विचारायचंय. आणि विचारताना मी दाराबाहेर उभा राहणार नाही, आत घुसूनच विचारणार.

मराठी रंगभूमीचा जन्मदाखला १८४३चा, सांगलीचा, विष्णुदास भाव्यांच्या नावाचा. ठीक आहे, असू दे. पण १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. कुणबी नवरा-बायकोला जोशी कसा लुबाडतो ते त्यात आहे, आणि मधे मधे घुसून भाष्य करणारा विदूषक आहे. नाटक थांबवून प्रेक्षकाला डोळा मारायचा आणि म्हणायचं, बघ रे, तुला कसं गंडवतायत! हेच पुढं युरोपातून बांधून आलं तेव्हा आमच्या प्राध्यापकांनी त्याला जाडजूड नावं दिली. दक्षिणा प्राइझ कमिटीने जोतीरावांचं नाटक नाकारलं. ते छापून आलं १९७९ साली. हिशेब करा : एकशे चोवीस वर्षं! किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० सालचं, त्याची शताब्दी दणक्यात झाली.

मग सत्यशोधकांचे जलसे आले. त्यानंतर आंबेडकरी जलसा, नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे कितीतरी. ह्यांनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि आतलं काळीज बदललं. गणातला गणपती गेला, गौळणीतली कृष्णाची छेडछाड गेली, लावणीचा बाजार उठला. बतावणी मात्र राहिली, कारण हत्यार तीच होती. वगात राजाराणी जाऊन पाणवठा आला, मंदिराचा दरवाजा आला, दारूच्या पायी मोडलेला संसार आला. दिवसा गिरणीत नाहीतर रेल्वेत राबायचं, रात्री तुणतुणं खांद्याला. १९४४ला अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं तेही ह्याच मातीवर. स्वातंत्र्य आलं आणि मुंबई सरकारनं लगेच तमाशावर बंदी आणली, तेव्हा अण्णा भाऊंनी त्याच ऐवजाला 'लोकनाट्य' म्हणून पुढं रेटलं. हे प्रयोग नव्हते? मग प्रयोग म्हणजे काय, रिकाम्या खुर्चीकडं बघत वीस मिनिटं गप्प बसणं?

आता १९७२. दलित पँथर उभी राहिली ते साल. त्याच सालाच्या डिसेंबरात पुण्यात 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं. घाशीराम मला आवडतं, खोटं कशाला बोलू. बामणांची ती रांग हलते, झुलते, भिंत होते, तेव्हा अंगावर काटा येतो. पण त्यात कोकणातला खेळिया आहे, कीर्तन आहे. १९७४च्या 'महानिर्वाण'मध्ये पुन्हा कीर्तन. १९७८ला 'तीन पैशाचा तमाशा'. ब्रेख्त जर्मनीहून आला तेव्हा ह्यांना तमाशा आठवला! पुण्याहून नारायणगाव दोन-अडीच तासांवर, तिथं राहुट्यांत फडमालक सुपाऱ्या घेत बसलेले. तिथं जायला ब्रेख्तची चिठ्ठी कशाला लागावी? घाशीराम १९८० साली युरोपात फिरून आलं. फिरू दे. माझा सवाल त्या नाटकवाल्यांच्या गुणांबद्दल नाही. रूप उचलताना रूपाचा मालक गावकुसाबाहेरच ठेवला गेला, ढोलकी दादरच्या छबिलदासपर्यंत पोचली पण ढोलकीवाल्याचं पोरगं प्रेक्षकातसुद्धा नव्हतं, ह्याबद्दल आहे. ते पोरगं आज कुठंय? लग्नाच्या वरातीत बेंजोमागं ताशा बडवतंय.

मागं एका महोत्सवानं आमच्या जथ्याला बोलावलं. नाव सांगत नाही, सगळे एकाच मापाचे असतात. सात जण आम्ही. म्हणाले, वीस मिनिटं द्या, 'फोक' पाहिजे. फेटे तेच देणार होते, झेंडूच्या रंगाचे. गाण्यांची यादी मागितली, त्यातलं खैरलांजीचं गाणं काढा म्हणाले, प्रेक्षक कुटुंबासकट येतात. च्यायला, खैरलांजीत २००६ साली काय मेलं मग? कुटुंबच ना? आम्ही फेटे परत दिले आणि बाहेर रिक्षा स्टँडवर तेच गाणं म्हटलं. रिक्षावाल्यांनी दोन वेळा ऐकलं.

पण दोस्तहो, बामणी महोत्सवाला शिव्या घालणं सोपंय. आपल्या वस्तीकडं बघा. चौदा एप्रिलला काय वाजतं? डीजे. छातीत धडधडणारं, खिडक्यांची तावदानं हलवणारं. वर आमदाराचं कटआउट, खाली पोरं बेभान, आणि ज्या गाण्यावर नाचतात त्याचा शब्द एकालाही ऐकू येत नाही. वामनदादा जन्मभर झोळी अडकवून वाडी-वस्तीवर शब्द पोचवत फिरले. त्या शब्दाची आपण नुसती धडधड करून टाकली. वर्गणी लाखात जमते, पण त्यातून एक हार्मोनियम घ्या म्हटलं तर मंडळाचा अध्यक्ष हसतो.

आणि हलगी. ह्यावर आपल्यातच भांडण आहे आणि ते व्हायलाच पाहिजे. म्हातारी माणसं म्हणतात, अरे बाळा, येसकरकी टाकली तशी आम्ही हलगी टाकली, गावाच्या लग्नात अन् मयतीत कुत्र्यासारखं वाजवायचं सोडलं, आणि तू कॉलेज शिकून तीच गळ्यात घालतोस? ह्या म्हातारबांना हसायचं नाही. त्यांचं टाकणं हा लढाच होता. पण मी म्हणतो, आबा, तुम्ही हुकूम टाकला. वाद्याचा काय गुन्हा? हुकमानं वाजली तेव्हा ती गुलामी होती. मी माझ्या मर्जीनं, माझ्या गोष्टीसाठी, कोपऱ्यात जाळ करून शेकतो आणि वाजवतो तेव्हा तिचा आवाज वेगळा असतो. तिकडं तमिळ पोरांनी पराईचं हेच केलं. २०१८ला चेन्नईत पा. रंजितच्या पुढाकारानं कास्टलेस कलेक्टिव्ह लोकांपुढं आलं, तेव्हा पराई, गाना आणि रॅप एका स्टेजवर आले. आपल्या धारावीची पोरं रॅप करतातच की. त्यांना हलगीजवळ आणायला कोण जाणार?

जाईल त्याला सुखानं जगू देतील असं नाही. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. २००२ला पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाच्या पोरांवर यूएपीए लागला. शीतल साठे, सचिन माळी २०१३च्या एप्रिलात विधानभवनासमोर स्वतः हजर झाले, सचिनला जामीन मिळायला २०१७ उजाडलं. २०२०ला मंचाचे आणखी तिघं एल्गार प्रकरणात आत. ज्या सरकारला डीजे चालतो त्याला डफ का चालत नाही, ह्याचा विचार करा.

होत नाही असं कुणी म्हणू नये. २०१२ला 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. संकल्पना आणि गाणी संभाजी भगतांची, लिहिलं राजकुमार तांगडेंनी, बसवलं नंदू माधवांनी, आणि नाचणारी-गाणारी माणसं जालन्याकडची, शेतीतली. यम शिवाजीला न्यायला येतो, डोक्यावरचं मात्र खाली राहून जातं, आणि मग ते कुणाच्या डोक्यात बसतंय ते शोधत फिरायचं. पोवाडा, सवाल-जवाब, टिंगल, सगळं आहे. हॉलात बसणाऱ्यांनी तिकिटं काढून पाहिलं. जालन्यातून निघून मुंबईला आलं, हे उलटं फिरणं मला त्या नाटकातल्या कुठल्याही गाण्याइतकंच मोलाचं वाटतं.

आता कामाचं बोलू. नवा जलसा बांधायचा तर वस्तीचं घड्याळ बघावं लागतं. माणूस कामावरून येतो आठला, जेवतो, नऊला बाहेर पडतो. दहाला लाउडस्पीकर बंद, कायदा आहे, आणि आपल्या वस्तीत पोलीस कायद्याला पाच मिनिटं आधीच येतात. म्हणजे हातात एक तास. आम्ही ह्याच अडचणीतून घाट काढलाय : दहापर्यंत गाणं, हलगी, बतावणी, सगळा दणका. दहाला माईक बंद करायचा आणि गोष्ट सुरू. नुसत्या तोंडानं. माणसं पुढं सरकतात, लेकरं मांडीवर येतात, शेवटची रांग उठून जवळ येते. घर पाडायला आलेल्या नोटिशीची गोष्ट आमच्यातली एक बाई सांगते, आणि हवालदार काठी बगलेत धरून ऐकत उभा राहतो. जुन्या जलशात बाईचं काम बाप्यानं केलं. आमच्यात गोष्ट बाईचीच, सांगणारी बाईच, आणि तिच्या घरची भाकरी त्या रात्री नवरा थापतो. थापत नसेल तर बतावणीत त्याचाच नंबर.

संहिता आधी पास करून घ्या म्हणणाऱ्यांना काय द्यायचं? बतावणी दर वस्तीत बदलते. इथं बिल्डरचं नाव येतं, तिथं नगरसेवकाचं. आम्हालाच ती संध्याकाळी कळते.

पहिल्या फेऱ्यात घाटकोपर, मानखुर्द, धारावी, मग कल्याणवरून नाशिककडं. हॉल घेणार नाही, सरकारी अनुदानाचा अर्ज भरणार नाही. घरटी दहा रुपये आणि रात्रीचं जेवण वस्तीकडं. पेटी आहे, तीन हलग्या आहेत, गाणारे पाच. ढोलकीवाला वरातीतून फोडून आणलाय. टेम्पो अजून मिळालेला नाही. कुणाच्या चुलत्या-मामाचा असेल तर डिझेल आमचं.