फटफटीवरील वनभोजनें

आमच्या पुतण्याच्या मुलानें गतवर्षीं मार्गशीर्षांत नवी येझदी घेतली. हें नांव रस्त्यावरून कायमचें गेलें, अशी आमची समजूत होती. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ सालीं बंद पडला, तेव्हां जुन्या स्नेह्याच्या निधनाची वार्ता यावी तसे आम्ही कांहीं दिवस खिन्न होतों. पुढें २०२२ सालीं नव्या मंडळींनीं तें नांव पुन्हां बाजारांत आणलें. मुलानें गाडी दारांत उभी केली, आमच्या सौ. नें तिला हळदकुंकू वाहिलें, नारळ फुटला, आणि त्यानें एक बटण दाबतांच गाडी सुरू झाली. "हिला किक नाही?" असें आम्हीं विचारलें. घरांतील तरुण मंडळी हंसली. सौ. मात्र हंसली नाहीं. "बाईमाणसानं एका अंगाला बसायचं तर धरायचं कशाला?" एवढेंच तिनें विचारलें, आणि तिच्या प्रश्नाकडे कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं.

आमच्या जुन्या येझदीचा गिअरचा दांडा हाच किकचा दांडा होता. तो आंत दाबून वर फिरवावा म्हणजे किक. इंजिन सुरू झालें कीं पुन्हां खालीं आणावा म्हणजे गिअर. दोन बाजूंस दोन नळकांडीं, पेट्रोलांत मोजून मिसळलेलें तेल, आणि पाठीमागें निळसर धूर. आवाज असा, कीं आमच्या मातोश्रींनीं तिला शेवटपर्यंत फटफटी याखेरीज दुसरें नांव दिलें नाहीं. आमचा विवाह १९७६ सालीं झाला व पुढच्याच वर्षीं ही फटफटी एका गृहस्थाकडून जुनीच विकत घेतली. तिचें निम्में आयुष्य शिवाजी उद्यमनगरांतल्या मिस्त्रीकडे गेलें, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

महाद्वाराजवळच्या बोळांतील आमच्या घरांत त्या वेळीं चौदा माणसें होतीं. आम्हां उभयतांचें बोलणें व्हावयाचें तें माजघराच्या उंबऱ्यावर, आणि तेंही "पाणी तापलंय", "डबा भरलाय" एवढ्यापुरतें. रात्रीं कांहीं बोलावें तर भिंत पातळ, आणि पलीकडे आमच्या वडील बंधूंचा, म्हणजे दादांचा, खोकला सदैव जागा. एकत्र कुटुंबाची निंदा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. आमच्या दोन मोठ्या दुखण्यांत ह्याच चौदा माणसांनीं आम्हांस तारून नेलें. परंतु अशा घरांत नवराबायकोस प्रेमानें बोलावयास नाहीं ती नाहींच, पण भांडावयासही जागा मिळत नाहीं, ही गोष्ट वाचकांपैकीं पुष्कळांच्या अनुभवाची असेल.

ती जागा आम्हांस फटफटीनें दिली. महिन्यांतून एखाद्या रविवारीं वनभोजनास जाण्याची परवानगी असे. पहिले सहा महिने सौ. दारांतून गाडीवर बसत नसे. आम्ही फटफटी बोळाच्या तोंडापर्यंत ढकलीत नेत असूं व ताराबाई रस्त्यानें एकटेच रंकाळ्यापर्यंत जात असूं, सौ. पाठीमागून पायीं येई, आणि तळ्याच्या कांठीं, इकडे तिकडे पाहून, गाडीवर चढे. दोन्ही पाय एका अंगास, मांडीवर डबा, पदर कमरेशीं घट्ट खोंवलेला आणि उजवा हात आमच्या खांद्यावर. डबा मातोश्रींच्या देखरेखीखालीं भरला जाई. त्यांत दशम्याच असत, कारण पाण्यांत भिजवलेल्या पिठाचें प्रवासांत चालत नाहीं, दुधांत भिजवलेलें चालतें, हा त्यांचा नियम फटफटीलाही लागू होता. दशम्या, सुक्या खोबऱ्याची चटणी, दहींभात आणि लिंबाचें लोणचें. सौ. त्यांत दोन उकडलेले बटाटे हळूच घाली.

धांवत्या फटफटीवर एक अक्षरही बोलतां येत नसे. बोललेलें वारा नेई, उरलेलें इंजिन खाई. म्हणून हाताची भाषा ठरली. खांद्यावर एकदां थापटलें म्हणजे हळू, दोनदां म्हणजे थांबा. बोटें रुतलीं म्हणजे समोरून एस. टी. येत आहे तें आम्हांसही दिसत आहे ना, ही शंका. ह्या भाषेंत रुसवाही सांगतां येतो, हें आम्हांस पुढें कळलें.

पन्हाळा सर्वांत जवळचा, वीस-बावीस किलोमीटरांवर. शिवाजी पूल ओलांडून केर्लीवरून वाघबिळाच्या चढास लागावें. पावसाळ्यांत मात्र पंचगंगा फुगून रेडेडोह फुटला, कीं पाणी रस्त्यावर येई व बेत जागच्या जागीं बुडे. एका ज्येष्ठांत आम्ही वर पोंचलों तों गडावर इतकें धुकें, कीं अंबरखान्याची तीं प्रचंड धान्यकोठारें दहा पावलांवरून दिसेनात. मोरोपंतांचा जन्म ह्याच गडावर १७२९ सालीं झाला. तें स्मरून आम्हीं सज्जाकोठीपाशीं मोठ्या आवाजांत आर्या म्हणावयास आरंभ केला. सौ. नें चार आर्या शांतपणें ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "अहो, मागच्या चाकांत हवा कमी वाटते." ती खरोखरच कमी होती. त्या दिवशीं वाघबिळापर्यंत उतरणीवर गाडी ढकलीत आलों, आणि त्याच उतरणीवर आम्हांस लग्नानंतर प्रथमच कळलें, कीं आमच्या सौ. ला पावसांत भिजणें मनापासून आवडतें. चौदा माणसांच्या घरांत ही माहिती मिळण्यास कांहीं मार्ग नव्हता.

नरसोबाच्या वाडीस जाणें हें वनभोजनांत धरूं नये, कारण तेथें घरच्यांसाठीं कवठाची बर्फी आणावयाचें काम असे, आणि ओळखीचें माणूस भेटल्याविना राहत नसे. आमचें खरें ठिकाण राधानगरी. छत्रपति शाहू महाराजांनीं भोगावती नदीवर ह्या धरणाचें काम आरंभलें. महाराज १९२२ सालीं निवर्तले, आणि धरण पुरें झालें तें स्वातंत्र्यानंतर. त्याला सात दरवाजे आहेत, आणि त्यांचा विशेष हा, कीं पाणी ठराविक उंचीस पोंचलें म्हणजे ते माणसाचा हात न लागतां आपोआप उघडतात. आमच्या कोल्हापुरांत पावसाळ्यामध्यें "कितवा दरवाजा उघडला?" हा प्रश्न कुशलप्रश्नासारखा विचारला जातो.

१९७९ च्या आषाढांत आम्ही तेथें गेलों, तेव्हां दरवाजांतून पाणी उसळत होतें. पावसानें थोडी उघडीप दिली होती. दुरून तें पाणी दिसेल अशा बेतानें एका आंब्याखालीं आम्ही डबा सोडला. दुसरी दशमी हातांत असतांना सौ. म्हणाली, "मला बी. एड. करायचंय. अर्जाची मुदत आठ दिवसांनी संपते."

ती बी. ए. होऊन आमच्या घरीं आली होती. तिनें हें वाक्य किती दिवस मनांत घोळविलें असेल, कितीदां माजघरापर्यंत आणून परत नेलें असेल, याचा विचार करण्याइतकें शहाणपण आम्हांस त्या वेळीं नव्हतें. आम्हीं चटणी घेत घेत उत्तर दिलें, "दादांना विचारून बघूं."

ती कांहीं वेळ धरणाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "त्या दरवाजांचं बरं आहे. कुणाला विचारावं लागत नाही."

डबा बांधला गेला. परत निघालों. घाटवळणावर आम्हांस जाणवलें, कीं खांद्यावर हात नाहीं. तिनें बैठकीचा पट्टा धरला होता. रस्त्यांतील खड्डे चुकवीत, आरशांत पाहत, आम्हीं गाडी हळू केली, जोरांत केली, एकदां मुद्दाम गचका दिला. हात कांहीं आला नाहीं. भोगावतीचा साखर कारखाना मागें पडला. वीस-पंचवीस किलोमीटर मनुष्य स्वतःशीं किती वाद घालूं शकतो! दादांनीं वडिलांच्या पाठीमागें आम्हांस शिकविलें, त्यांच्या शब्दाबाहेर कसें जावें, हा एक पक्ष. दुसऱ्या पक्षापाशीं मोठा युक्तिवाद नव्हता, फक्त तो रिकामा खांदा होता.

हळदी गांवाच्या अलीकडे आम्हीं गाडी थांबविली व प्लगवर काजळी धरली आहे असें सांगून तो खोलून पुसावयास बसलों. प्लग स्वच्छ होता. सौ. नें तो पाहिला व कांहीं बोलली नाहीं.

"अर्ज भर," आम्ही प्लगकडे पाहतच म्हणालों.

"दादांना विचारून?"

"सांगून."

गाडी सुरू झाली. थोड्या वेळानें हात खांद्यावर आला.

घरीं आम्हीं दादांस सांगितलें. त्यांनीं वर्तमानपत्राची घडी घातली आणि चार दिवस आमच्याशीं भाषण केलें नाहीं. पांचव्या दिवशीं फीच्या रकमेची चौकशी केली. मातोश्री मात्र त्याच रात्रीं स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या. "सकाळचा स्वयंपाक मी बघते," त्या सुनेस म्हणाल्या, "पण एवढं सांगायला तुला राधानगरीपर्यंत जावं लागलं? मी इथंच तर बसलेली असते." ह्या प्रश्नास आम्हां दोघांपाशींही उत्तर नव्हतें. वास्तविक त्या म्हणाल्या तें खरें होतें, आणि राधानगरीस गेल्याविना तें वाक्य बाहेर पडलें नसतें, हेंही तितकेंच खरें. मातोश्रींची स्वतःचीं अशीं किती वाक्यें त्या माजघरांत राहून गेलीं असतील, कोण जाणे. त्यांना कधीं कोणी फटफटीवर बसविलें नाहीं. आम्हींही नाहीं.

सौ. नें पुढें एकतीस वर्षें शाळेंत शिकविलें. फटफटी केव्हां थांबली तें नेमकें सांगतां येत नाहीं. प्रथम मुलें झालीं, मग स्कूटर आली, मग तिचे सुटे भाग मिळेनासे झाले. आज चौदांचीं पांच माणसें उरलीं आहेत व घरांत बोलावयास हव्या तितक्या खोल्या रिकाम्या आहेत.

यंदा श्रावणांत पुतण्याच्या मुलानें आम्हांस मोटारींतून राधानगरीस नेलें. नव्या येझदीवर बसण्यास सौ. चे गुडघे आतां राजी नाहींत. मोटारीच्या कांचा बंद, गाणीं चालू, आणि मुलें एकसारखीं बोलत होतीं. आंब्याचें झाड आम्हांस सांपडलें नाहीं. दोन झाडांवरून आम्हां उभयतांत मतभेद झाला. परततांना आम्ही पुढें बसलों होतों व सौ. आमच्या पाठीमागें. भोगावतीच्या कारखान्याजवळ रस्त्यांतील एका उंचवट्यावर मोटार जरा जोरांत उसळली, आणि पाठीमागून एक हात आमच्या खांद्यावर आला. हळदी मागें पडलें तरी तो तेथेंच होता.